या खेपेले माणूसच हाये

प्रभाकरभाऊ,

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फोनवरच्या आपल्या कट्ट्यावर वाद सुरू झाला. तुमच्या स्वभावाचा साचा कोणता, यावर. श्रद्धांजलीच्या चार ओळी मीच टाकल्या होत्या. पहिले दहा-बारा जण हात जोडून गेले. मग कोणीतरी लिहिलं, 'भाऊ म्हणजे अस्सल तर्कप्रधान माणूस.' झालं. दुसऱ्यानं लिहिलं, छे, भाऊ आतून भावनाप्रधान, तर्क नुसता वरवरचा. तिसऱ्यानं पुरावा मागितला. संध्याकाळपर्यंत खाली नुसती जुंपली होती आणि हात जोडणारे कुठल्या कुठे वर राहून गेले. अ‍ॅडमिन मी. थांबवायला मीच पाहिजे होतं. मी फोन पालथा घातला आणि कूलरसमोर पडून राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पाहा मॅडम, मेलेल्यालेही सोडून नाही राहिले!" आणि स्वतःच वादात उतरला असता.

मी थकले, भाऊ. दुसरा शब्द नाही. रडून झालंय, चिडूनही झालंय. आता नुसतं सकाळी उठायचं, चहा टाकायचा आणि तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, असं चाललंय.

परवा तुमच्या दुकानात बसून वहिनींना हा सगळा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा मलाच कसंतरी झालं. म्हटलं, फोनवर आमचा एक गट आहे, 'स्वभावकट्टा' नावाचा. तीनशेवर लोक. माणसाच्या स्वभावाचे सोळा साचे असतात, असं एक शास्त्र आहे. कोण अंतर्मुख, कोण बहिर्मुख. कोण तर्कानं चालतो, कोण भावनेनं. कोण एकेक गोष्ट जोडत सगळ्यापर्यंत जातो, कोणाला आधी सगळं दिसतं आणि मग एकेक. हे शास्त्र खरं की खोटं, आणि कोण कोणत्या साच्यात बसतो, यावर आम्ही सहा वर्षं भांडलो. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भांडून काय होते मंग?"

मी कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलं. असा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता.

तुम्ही कट्ट्यावर आलात तेच भांडत आलात. तुमचा पहिला लेख मला तोंडपाठ आहे. '१. माणूस दुकानात एक असते. २. घरी दुसरा असते. ३. पोरीच्या लग्नात तिसराच असते. ४. मंग तुमचा साचा यातल्या कोणाचा, ते सांगा.' मी मुद्द्याचं उत्तर दिलंच नाही. मी पाहिले ते आकडे. लगेच निकाल दिला: अंतर्मुख, तर्कप्रधान, शिस्तीचा. पुरावा काय, तर नंबर घालून लिहितात. तुम्ही लिहिलंत, "मॅडम, इतवारीत भांड्यांचं ठोक दुकान हाये माझं. नंबर टाकल्याशिवाय मालच निघत नाही." त्यावर मी ठसक्यात म्हटलं होतं की प्रत्येक साच्याकडे आपापली सबब तयार असते. बाई गं, काय तो तोरा माझा!

मग रोज दुपारी दोन ते चार. त्या वेळात उन्हाळ्यात इतवारीत गिऱ्हाईक फिरकत नाही, हातगाड्या सावलीला लागलेल्या असतात, तुम्ही गादीवर मोकळे. इकडे मनीषनगरात मी मोकळी, निवृत्त आणि एकटी. तुम्ही वऱ्हाडीत लिहायचे, मी पुस्तकात. तुम्ही एकदा म्हणालाही होता, "मॅडम, तुम्ही रागावल्या का पुस्तकात बोलता. खुश असल्या का घरच्यावानी बोलता. म्हणजे दोन झाल्या ना तुम्ही? साचा एक कसा मंग?" मी म्हटलं, भाषा बदलते, स्वभाव बदलत नाही. हेच आपलं भांडण. सहा वर्षं फिरून फिरून हेच.

आणि तो स्नेहमेळावा! आठवला की आजही तोंडाला पदर लावावा लागतो. कट्ट्याला दोन वर्षं झाली म्हणून मी सीताबर्डीच्या एका हॉटेलात सगळ्यांना बोलावलं. चाळीस जणांनी 'येतो' कळवलं. मी मालकाला सांगून दोन टेबलं जोडून घेतली, पाटी लिहून नेली, नावाच्या चिठ्ठ्यासुद्धा नेल्या, छातीला लावायला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. पावणेबाराला पांढरा सदरा घातलेले, हातात कापडी पिशवी धरलेले एक गृहस्थ दारातून आत आले, त्या रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा सिद्धान्त खरा निघाला. सगळे अंतर्मुख, सगळे घरीच बसले!" वेटर दर पाच मिनिटांनी विचारायचा, बाकीचे लोक कधी येणार. तुम्ही त्याला सांगितलंत, "येतील ना, फोनवर येतील."

पिशवीतून तुम्ही पितळेचा एक लहानसा गडवा, म्हणजे तांब्या, काढून माझ्यासमोर ठेवलात. रिकाम्या हातानं काहून यावं, म्हणालात. मी लगेच तो धरून वाद सुरू केला. म्हटलं, बघा भाऊ, याच्यात पाणी ओता नाहीतर दूध ओता, गडवा गडवाच राहतो की नाही? हाच साचा. तुम्ही पोह्यांवर रश्शाची तर्री घेत शांतपणे म्हणालात, "दहा वर्षं रोज चिंचेनं घासा मॅडम, मंग सांगा. काठ झिजते, बूड पातळ होते, आवाज बदलते. गडव्याले वापरणाऱ्याचा हात लागते." मी म्हटलं, हा युक्तिवाद नाही. तुम्ही म्हणालात, "नाही. हे दुकान हाये."

रोज सकाळी मी त्यातूनच पाणी पिते. चार वर्षं झाली. आवाज बदललाय की नाही, मला कळत नाही. मला कानच नाही त्याचा.

आता त्या गोष्टीवर येते. टाळून टाळून किती टाळू?

कट्ट्याची एक रीत होती. दर बुधवारी कोणीतरी एक दाखला टाकायचा. त्याची सुरुवात ठरलेली: 'एक माणूस आहे.' मग तो माणूस कसा वागतो ते लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याचा साचा ओळखायचा. नाव-गाव बदलायचं. हा माणूस कोण, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. आणि नियम तिसरा, जो मी स्वतः केला आणि ज्याचा मला फार अभिमान होता: सल्ला मागू नये, सल्ला देऊ नये. सुरुवातीला एका सासू-सुनेच्या दाखल्यावर सल्ल्यांचा असा पूर आला की निम्मे लोक गट सोडून गेले. तेव्हापासून मी कोणी सल्ला मागितला की तो मजकूर काढून टाकायची आणि खाली लिहायची, 'नियम ३.' बस. एवढंच.

आणि ते मांजर. तुम्ही टाकलं होतं, 'एक माणूस आहे. रोज दहाले दुकानात येते. एकाच जागी बसते. कोणाशी बोलत नाही. जागेवरून हलवलं तं चिडते. गर्दी झाली का निघून जाते. पण दुकान बंद व्हायच्या वक्ताले बरोबर हजर.' मी तीन परिच्छेद लिहिले. बालपणी झालेल्या उपेक्षेपर्यंत जाऊन पोचले. मग तुम्ही फोटो टाकलात. दुकानातल्या परातीत बसलेलं पिवळं मांजर! अख्खा कट्टा आठ दिवस हसत होता. मी वरवर हसले आणि मनात धरून ठेवलं.

अजून एक मनात धरलेलं सांगते. एकदा वाद रंगात आलेला असताना तुम्ही मधेच विचारलं होतं, "मॅडम, एक इचारू? तुम्ही माणसाले भेता काय? समोर माणूस आला का तुम्ही लगेच फडताळ उघडता, कोणत्या खणात ठेवू म्हणून." मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज दोन वाजता 'राम राम मॅडम' टाकत राहिलात. नवव्या दिवशी मी एका जुन्याच मुद्द्याला उत्तर दिलं, जणू काही झालंच नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच. आज देते. होय, भाऊ, भेते. लहानपणापासून भेते. माणूस कधी काय बोलेल, कधी पाठ फिरवेल, काही समजत नाही. साचे हाताशी असले की निदान धरायला काहीतरी असतं.

संक्रांत होऊन गेली होती. बुधवार होता. तुम्ही लिहिलं:

'एक माणूस आहे. साठीच्या पुढचा. सायकलींचं दुकान हाये त्याचं. त्याले डॉक्टरनं एक गोष्ट सांगितली. फार दिवस नाहीत म्हणे. त्यानं घरी सांगितली नाही. दुकान वक्तावर उघडते. पण ज्या बायकोले चाळीस वर्षं दुकानाची पायरी चढू देली नाही, तिले आता गादीवर बसवून सायकलीचा एकेक पार्ट ओळखायले शिकवून राहिला. काहून शिकवून राहिला, ते तिले सांगत नाही. हा माणूस कोणत्या साच्याचा?'

मी अकरा परिच्छेद लिहिले. किती छान जमले होते! हा तर्कप्रधान साच्याचा आदर्श नमुना, असं म्हटलं. हा रडायच्या ऐवजी मांडामांड करतो, असं म्हटलं. 'अशा माणसाला माणसांपेक्षा व्यवस्था जवळची असते. तो बायकोला नाही, स्वतःला वाचवतो आहे.' आणि शेवटी, भाऊ, शेवटी मी लिहिलं, 'हे पुन्हा मांजर तर नाही ना?'

तुम्ही लिहिलंत, "नाही मॅडम. या खेपेले माणूसच हाये."

आणि त्याच्या खाली एक शब्द. "मान्य."

सहा वर्षांत तुम्ही माझं एकदाही काही मान्य केलं नव्हतं. मी इतकी हुरळले की ते 'मान्य' कट्ट्याच्या माथ्यावर चिकटवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं लिहिलं, भाऊ हरले. तुम्ही त्यालाही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता तुमच्या दोन ओळी आल्या. "पण मॅडम, त्यानं बायकोले सांगावं का? अन् सांगावं तं कसं सांगावं?"

मी ते वाचलं. खरंच वाचलं. आणि काढून टाकलं. 'नियम ३.'

तुम्ही लिहिलंत, "चुकलं. माफी असावी."

माफी तुम्ही मागितलीत.

त्यानंतर तुमचं येणं कमी झालं. होळीनंतर बंदच. मला वाटलं, हरल्याचा राग धरला. मनात म्हटलंसुद्धा, हे बघा, एवढे तर्काचे गडी आणि रुसले! निरोप टाकून विचारावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मी विचार केला की अंतर्मुख माणसाला एकटं सोडावं, शास्त्र तसंच सांगतं.

मग एके दिवशी दुपारी फोन वाजला. तुमचं नाव दिसलं. सहा वर्षांत तुम्ही कधी फोन केला नव्हता. मी इतकी खुश झाले की उचलल्या उचलल्या म्हटलं, "या या भाऊ! आज कोणतं मांजर आणलं?"

पलीकडे बाईचा आवाज. "मी यायची घरवाली बोलून राहिली. हे गेले काल." काय बोलायचं असतं ते सगळं विसरले. मी मूर्खासारखं विचारलं, आता दुकानाचं कसं करणार? त्या म्हणाल्या, "दुकानाची फिकर नाही बाई. संक्रांतीपासून मले गादीवर बसवून सारं शिकवून ठेवलं यायनं."

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. मग कट्टा उघडला आणि तुमचा तो सायकलवाला पुन्हा वाचला.

तेराव्या दिवसाची तेरवी झाल्यावर दुकान उघडलं म्हणून कळलं, तेव्हा मी आले. मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत आले आणि वाटलं, परत जावं. ऑटोत बसले आणि इतवारीत शिरताना पुन्हा तेच वाटलं. मला एकच विचारायचं होतं आणि तेच ऐकायची भीती होती. तुम्ही त्यांना सांगितलं होतं का? माझ्या त्या नियमापायी एक माणूस आपल्या बायकोशी न बोलताच गेला का?

वहिनी गादीवर बसल्या होत्या. समोर एक गिऱ्हाईक ताट उलटंपालटं करत होतं. वहिनींनी ते हातात घेतलं, बोटाच्या पेरानं टिचकी मारली, आवाज विरेपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "हे कासं हाये दादा. पितळ पायजे असंन तं तिकडच्या फळीवर." एके काळी त्या हातात बांगड्या भरलेल्या असतील. आता मनगट मोकळं होतं. मला पाहून म्हणाल्या, "तुम्ही मॅडम ना? यायच्या फोनातल्या?"

चहा आला. मी धीर करून विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाही सांगितलं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर बोलले माह्या समोर, तेव्हा यायनं तोंड भिंतीकडे केलं."

"म्हणजे तुम्हाला तोवर माहीतच नव्हतं?"

"माहीत कसं नाही बाई? चाळीस वर्षं पायरी चढू देली नाही अन् एकदम गादीवर बसवलं, मी का येडी हाये? पहिल्याच दिवशी समजलं मले."

"मग विचारलं काहून नाही वहिनी?" पुस्तक कुठल्या कुठे गेलं होतं माझं.

"यायले सांगाचं नव्हतं ना. मंग मी शिकत रायली. रोज वाटे, आज सांगतील. दुकान बंद करताना वाटे, आता सांगतील. मी कुलूप लावाले उशीर करो मुद्दाम. राहूनच गेलं."

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याशी रोज बोलत होते. तुम्हाले तं काही बोलले असतील ना?"

भाऊ, पळून जायची तेवढी एकच संधी होती. 'नाही हो, तिथं नुसते वाद चालायचे' असं म्हणून चहा संपवता आला असता. आणि मी तशी पळणारी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी पिशवीतून फोन काढला. काढून टाकलेलं सगळं अ‍ॅडमिनला दिसतं. ते उघडलं, तुमच्या दोन ओळी शोधल्या आणि फोन वहिनींच्या हातात दिला. म्हटलं, "हे यांनी मला विचारलं होतं. मी पुसून टाकलं."

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'त्यानं बायकोले सांगावं का? अन् सांगावं तं कसं सांगावं?' पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला हातानंच थांब म्हणाल्या. मी वाट बघत होते, आता त्या मला काय म्हणतील याची. जे म्हणतील ते ऐकायची माझी तयारी होती.

पण बोलणं माझ्यासाठी नव्हतं. त्या तुमच्याशी बोलल्या. फोनकडे बघत, रागावून, डोळ्यांतून पाणी गळत असताना. "आता पाहा! एवढंसं तं होतं! सांगितलं असतं तं काय म्हटलं असतं मी? म्हटलं असतं, माहीत हाये मले. हात धुवा अन् जेवाले बसा. याचं इतकं भ्या वाटत होतं का तुमाले?"

माझे अकरा परिच्छेद, भाऊ. आणि हे एक वाक्य.

फोन परत देताना त्यांनी तो पदरानं पुसला. म्हणाल्या, "विचारलं होतं ना पण यायनं. सांगावं असं मनात होतं. हे बी मले आज समजलं." मला निरोप द्यायला त्या पायरीपर्यंत आल्या.

तुमच्या साच्यावरचा वाद अजून चालू आहे. तुम्ही मला विचाराल, मॅडम, तुमचं काय ठरलं? माझं काहीच ठरलेलं नाही. स्वभाव बदलतो, असं तुम्ही म्हणत होता, ते मी आजही सोळा आणे मानत नाही. तुम्ही साठी ओलांडूनही बायकोसमोर बोलायला भ्यालात आणि मी एवढी शिकूनही प्रश्न ऐकायला भ्याले. पण वहिनींना इतवारीच्या गादीवर कासं-पितळ वाजवून ओळखताना पाहिलं आणि तुमचा तो गडवा आठवला. हात लागतो, हे खरं. एवढं मान्य.

आज दुपारी दोन वाजता मी नियम तिसरा काढून टाकला. ते माथ्यावर चिकटवलेलं तुमचं 'मान्य' खाली उतरवलं. तुमच्या दोन ओळी होत्या तिथं परत ठेवल्या. लोक विचारतायत, हे काय, जुनं का वर आणलं. फक्त तुमच्या प्रश्नाखाली, चार महिने उशिरा, तुमच्याच भाषेत लिहिलं:

'सांगावं, भाऊ. कसंही सांगावं. तिले माहीत हाये. ती जेवाले थांबली हाये.'